तांब्याचा राजा आणि निळं पाणी

एका राज्यात राजा वज्रसेन तांब्याचा पुतळा होऊन उभा होता. नागसरोवराचं सोनं त्यानं लोभापायी गिळलं आणि शाप भोवला. येत्या अमावास्येआधी उतारा सापडला नाही, तर तो जन्माचा पुतळाच राहणार होता.

त्याची थोरली बहीण रत्नप्रभा हिनं काळिंद्रा चेटकिणीला बोलावलं.

“मोबदला काय घेशील?”

“काही नको.”

झालं! रत्नप्रभेच्या मनात पाल चुकचुकली. फुकट उपकार करणारी चेटकीण कुणी पाहिली आहे?

तरी काळिंद्रेनं सांगितलेली तीन कामं तिनं केली. मोरचुदाचं निळं पाणी करून दगडी हौद भरला. निखळ तांब्याचा, पानासारखा पातळ माणूस घडवला. मेघगुहेतली कोंडलेली वीज रांजणात भरून आणली. काळिंद्रेनं हौदात एकीकडं पुतळा उभा केला, दुसरीकडं पातळ माणूस, आणि दोघांना विजेच्या तारा जोडल्या.

वीज धावली. पुतळा झिजू लागला. आधी बोटं गेली, मग कान गेले.

“बाईसाहेब, राजा विरघळला!” पाळीव मैना किंचाळली.

रत्नप्रभा तार उपटायला धावली. “माझ्या भावाला खातेस, सटवे?”

“उपट खुशाल. अर्धा इथं राहील, अर्धा तिथं.”

“तिथं म्हणजे कुठं?”

“माझं तुला पटायचं नाही, राजकन्ये. तूच बघ.”

तिनं पाहिलं. पातळ माणूस जाड होत होता, त्याला बोटं फुटत होती. पाणी होतं तितकंच निळं होतं. पुतळ्याचं जेवढं तांबं पाण्यात उतरे, तेवढंच पलीकडं चढे. पुतळ्याखाली मात्र काळा गाळ साचला होता, आणि त्यात सोन्याचे कण होते. चोरीचं सोनं पलीकडं जात नव्हतं.

ती थांबली, पण तारेजवळून हलली नाही.

पुतळा संपला. नवा माणूस रक्तामांसाचा होऊन बाहेर आला. “ताई!”

रत्नप्रभा मागं सरली. “तू माझा भाऊच कशावरून? सांग, लहानपणी माझी बाहुली कुणी फोडली?”

उत्तर तिला पाठ होतं. मैनेनं.

राजानं मान खाली घातली. “मी फोडली, ताई. मैनेवर आळ घेतला. तिला पिंजऱ्यात कोंडलं, तरी बोललो नाही.”

“मेल्या! तेव्हापासून ओरडून सांगतेय मी!” मैना म्हणाली.

गाळ नागसरोवरात परत गेला आणि राजा गादीवर बसला. रत्नप्रभेनं आधी मैनेपुढं हात जोडले, मग काळिंद्रेपुढं. रडू मात्र तिला आवरेना.