वाटीचा तळ

फार जुनी गोष्ट नाही. एका शहरात खरवंडीकर सर नावाचे वृद्ध छायाचित्रकार होते आणि शलाका ही त्यांची शिष्या. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून नेमका कुठे ठेवावा, याची तिला उपजत जाण होती. हॉटेलांसाठी तिने काढलेले पदार्थांचे फोटो पाहिले की भरल्या पोटीही भूक लागे.

एकदा एका वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांनी माहितीपुस्तिकेसाठी दोघांना बोलावले.

"जेवण उत्तम दिसलं पाहिजे," ते म्हणाले, "आणि माणसं सुखी."

समोर आलेली आमटी पाण्यासारखी होती. शलाकाने फ्लॅश वाटीच्या मागे, जरा खाली ठेवला. आमटीवरून परतलेल्या उजेडाची अशी लकाकी उठली, की तिच्याखाली सारा पातळपणा झाकला गेला. मग तिने भागूबाई नावाच्या आजींना खुर्चीत बसवले. त्यांचे गाल पार आत गेले होते. शलाकाने समोरून मोठ्या पांढऱ्या छत्रीतला मऊ उजेड टाकला आणि फोटोत गालांचे खळगे भरून आले. बाकीच्यांचेही फोटो तिने असेच काढले. विश्वस्तांनी मान डोलावली.

तेव्हा सर उठले. त्यांनी फ्लॅश उचलून वाटीच्या बरोबर वर धरला व फोटो घेतला. आमटीच्या आरपार वाटीचा तळ दिसू लागला. तळावर कोरलेले देणगीदाराचे नावसुद्धा वाचता येत होते. मग छत्री बाजूला सारून तोच उघडा फ्लॅश त्यांनी आजींच्या एका अंगाला ठेवला व फोटो घेतला. गालांचे खळगे काळेभोर उठून दिसले.

"सर, हा उजेड फार निर्दय आहे," शलाका हलक्या आवाजात म्हणाली.

सरांनी तो फोटो आजींना दाखवला. आजींनी फोटोतल्या गालावरून बोट फिरवले.

"ही मी," त्या म्हणाल्या.

विश्वस्तांनी सरांचे फोटो नाकारले. शलाकाने आपले दिले. आजींची शोभा राखली, असेच तिला वाटले. पुस्तिका छापली गेली, आश्रमातल्या सर्वांच्या मुलाबाळांच्या घरी पोचली.

हिवाळा सरता सरता एक मध्यमवयीन गृहस्थ स्टुडिओत आले. डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले होते. त्यांनी पुस्तिका उघडून टेबलावर ठेवली.

"माझी आई. हा फोटो मोठा करून हवा," ते म्हणाले. "दिवाळीत येणार होतो. हा फोटो पाहिला आणि म्हटलं, आई सुखात आहे, सवडीनं जाऊ. परवा उचलली, तेव्हा तिला वजनच नव्हतं हो."

ते बाहेर बाकावर जाऊन बसले, तेव्हा शलाका सरांजवळ आली.

"तुम्ही फ्लॅश हलवलात तो यासाठी?"

"होय," सर म्हणाले. "उजेडानं दाखवता येतं, तसं झाकताही येतं. हॉटेलातल्या ताटावर लकाकी आणलीस, तर गिऱ्हाईक फार तर एकदा फसेल. पण जे उपाशी आहे, त्याच्यावर तीच लकाकी टाकली की मदतीला येणारा माणूस अर्ध्या वाटेवरून परत जातो. दिवा ठेवण्यापूर्वी विचारावं, हे चित्र पाहून कोण यायचा थांबेल? मला हे तेव्हाच कळलं होतं. मी फोटो काढला आणि तोंड मिटून बसलो. तो दोष माझा."

शलाका बाहेर गेली.

"पुस्तिकेतला फोटो खरा नाही," ती त्या गृहस्थांना म्हणाली. "उजेड मी तसा लावला होता. खरा हा." तिने सरांनी काढलेले दोन्ही फोटो त्यांच्या हाती दिले.

त्यांनी आईचा फोटो पाहिला. वाटीचा पाहिला. ते रागावले नाहीत; रागावले असते, तर तिला सोसले असते.

"तिथं अजून कोण कोण आहे?" त्यांनी विचारले.

"पुष्कळ आहेत," शलाका म्हणाली. "सगळ्यांचे फोटो मीच काढलेत."

तिने आतून कॅमेरा आणि एकच फ्लॅश घेतला, छत्री तिथेच ठेवली, आणि ती त्यांच्याबरोबर आश्रमाकडे निघाली.

दिवा कुठे ठेवावा हे हाताला लवकर कळते. का ठेवावा हे कळायला मात्र कधीकधी कुणाचा तरी जीव जावा लागतो.