गवताचा कावळा

एका राज्यात दहाव्याची दुपार तीन वर्षं संपली नाही, आणि याला जबाबदार राजा चंडसेन होता. दुसरं कुणी नाही. राक्षस आला नव्हता, ग्रह फिरले नव्हते. पुढे भाटांनी नशिबाला दोष दिला. भाट राजाचं मीठ खात होते.

झालं ते असं. राणी हंसावती तापाने गेली. तिला दोन लेकरं. थोरली कालिंदी, तेरा वर्षांची. धाकटा उदयन, सात वर्षांचा. धाकट्याला सांगितलं, आईसाहेब माहेरी गेल्यात. थोरलीला सांगितलं, रडू नकोस, तो बघतोय. दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर पिंड मांडला. सारं नगर लोटलं. ज्यांची आई गेली होती त्या दोघांना तेवढं राजवाड्यात कोंडलं. लहानांनी घाटावर यायचं नसतं, म्हणे.

त्या राज्यातली रीत आपल्यासारखीच. पिंडाला कावळा शिवला की गेलेलं माणूस सुटलं. नाही शिवला तर त्याचं मन कशात तरी अडकलंय. मग जिवंतांनी वचन द्यायचं.

कावळा झाडावर येऊन बसला. राजा म्हणाला, "राणी, तुझी सोन्याची समाधी बांधीन." कावळा हलला नाही. "तुझ्या नावे शंभर विहिरी खोदीन." कावळ्याने पंखात चोच खुपसली. मग राजाने हात जोडले. "राणी, काळजी सोड. आजपासून कालिंदी उदयनची आई होईल."

कावळा उडाला. पिंडाकडे नाही, नदीपार. त्याच्यामागे राज्यातले सारे कावळे उडाले.

ऊन चढलं. लोकांना भूक लागली. राजगुरू त्रिजट मोठा मांत्रिक होता. तो पुढे झाला. "महाराज, यावर तोड आहे. दर्भाचा कावळा करावा आणि तो शिववावा."

"करा," राजा म्हणाला.

राणीचं मन कशात अडकलं असेल, हे त्याने कुणाला विचारलं नाही. विचारण्याजोगी दोन माणसं होती, आणि त्यांच्या दाराला बाहेरून कडी होती.

गवताचा कावळा पिंडाला शिवला आणि जिवंत झाला. उडून राजवाड्याच्या कळसावर बसला. सूर्य डोक्यावर होता, तो तिथेच थांबला.

तीन वर्षं झाली, हे शेजारच्या राज्यातून येणारे व्यापारी सांगत. राज्यात कसं कळणार? दुधाला विरजण लावलं तरी दही लागत नसे. कोंबड्या अंड्यांवर बसून कंटाळल्या. लोक डोळ्यांवर फडकं बांधून झोपत, आणि उठत तेव्हा तीच दुपार. उदयनचा पुढचा दात हलत होता, तो नुसता लोंबत राहिला. कालिंदीची वेणी बोटभर वाढली नाही. मोठ्यांनी सवय करून घेतली. सवय करून घेण्यात मोठी माणसं पटाईत.

उदयन झोपून उठला की अंगणात जाई आणि कळसाकडे बघून विचारी, "कावळेदादा, आईसाहेब कधी येणार?"

गवताचा कावळा म्हणे, "उद्या."

आणि कालिंदीला जो भेटेल तो एकच सांगे. आचारी, दासी, आत्याबाई, दारावरचा हत्तीवाला. "आता तूच त्याची आई हो, पोरी." तिने त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, गोष्टी सांगितल्या. तिला कोण भरवतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग एकदा उदयनने झोपेत तिलाच हाक मारली, "आईसाहेब."

कालिंदी उठली. ओढणी कमरेला खोचली आणि नदीवर गेली. नदीचं पाणीही थांबलेलंच होतं, त्यावर पाय ठेवला तर बुडत नसे. ती चालत पलीकडे गेली. तिथे पांगाऱ्यावर तो कावळा बसला होता.

"काकराज, परत चला."

"कशाला? तुमच्याकडे आहे की एक."

"तो गवताचा आहे."

"माणसांना चालतो."

"मला नाही चालत."

कावळ्याने मान वाकडी करून तिला न्याहाळलं. "मग तीन कामं कर, राजकन्ये. तुझ्या आईचा आवडता घास आण. गवताचा कावळा उतरव. आणि पिंडासमोर खरं बोल. तिसरं काही तुला जमायचं नाही. तुमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही."

"बघू," कालिंदी म्हणाली.

राणी केशरी भात खाते, असं राज्याला वाटे. राणीला आवडे ती खरवड. लोखंडी पातेल्याच्या बुडाला करपून चिकटलेला भात, वर कच्चं तेल आणि तिखट. आचारी जेवायला गेला की ती दोन्ही पोरांना घेऊन मुदपाकखान्यात घुसे, आणि तिघं पातेलं खरवडत बसत. ते पातेलं आता तळघरात होतं. राणीच्या साऱ्या वस्तू राजाने तिथे टाकल्या होत्या आणि त्रिजटाकरवी दारावर नाग बसवला होता. त्या खजिन्याला शाप होता. तलवारबहाद्दर शिपाई त्या दाराजवळून पळत जात. शाप कसला, तर हात लावील त्याला रडू येई. बस्स, एवढाच.

नागाने फणा काढला. "आत गेलीस तर रडशील."

"ठाऊक आहे. सरक."

ती आत गेली. आईचं लुगडं होतं, दात तुटलेला कंगवा होता, कोपऱ्यात पातेलं होतं. तिने पातेल्याला हात लावला. ती किती वेळ रडली ते सांगता येत नाही, सूर्य जागचा हलत नव्हता. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि पातेलं काखेत होतं.

"आजवर आत कुणी टिकलं नाही," नाग म्हणाला. "राजेसाहेब तर उंबऱ्यावरूनच माघारी गेले." आणि तो बिळात निघून गेला.

तिने चुलीवर भात चढवला आणि मुद्दाम करपवला.

मग ती अंगणात आली. उदयन वर बघून विचारतच होता, "कावळेदादा, आईसाहेब कधी..."

"उदयन, इकडे बघ. आई येणार नाही. आई मेली."

"त्या माहेरी गेल्यात."

"नाही रे. मेली. ताप आला आणि पाचव्या दिवशी मेली. आपल्याला कोंडलं होतं ना, तेव्हा घाटावर तिचा दहावा होता."

उदयनने तिला बुक्की मारली. मग आणखी एक. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"म्हणजे तू पण त्यांच्यातलीच!"

"होते. आता नाही."

तो तिच्या ओढणीत तोंड खुपसून ओरडून रडला. आत्याबाई धावत आल्या. "अगं, काय सांगितलंस हे! लहान आहे तो!"

"लहान आहे म्हणून विचारत होता," कालिंदी म्हणाली. "तुम्ही मोठ्या असून सांगत नव्हता."

कळसावरून आवाज आला, "उद्या." पण आता ते ऐकून घेणारं कुणी उरलं नव्हतं. एक काडी सुटली, मग दुसरी, आणि मूठभर गवत अंगणात पडलं. गाईने ते खाल्लं.

कालिंदीने एका हातात पातेलं घेतलं, दुसऱ्या हाताने उदयनला धरलं, आणि घाटावर गेली. राजा आला, त्रिजट आला, नगर आलं. पलीकडून कावळा येऊन झाडावर बसला. तिने पिंडाशेजारी खरवड वाढली.

त्रिजट म्हणाला, "मुलीने हे करायचं नसतं. शास्त्र..."

"मग बसा अजून तीन वर्षं," कालिंदी म्हणाली. लोकांतून कुणीतरी हसलं. त्रिजट मागे सरला.

राजाने सवयीने हात जोडले. "राणी, काळजी सोड. कालिंदी उदयनची..."

कावळ्याने पाठ फिरवली.

"आबासाहेब, गप्प बसा," कालिंदी म्हणाली. राजाला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तो गप्प बसला.

ती पिंडासमोर उभी राहिली. साऱ्या घाटाला ऐकू जाईल अशी बोलली.

"आई, मी तुला वचन देणार नाही. मी उदयनची आई होणार नाही. मी तेरा वर्षांची आहे. मी त्याची ताई आहे. त्याच्याशी भांडणार आहे, त्याच्या पानातलं पळवणार आहे. त्याला वाढवणं आबासाहेबांचं काम आहे, त्यांनी ते करावं. आणि तुझा मला राग आलाय. दुखतंय हे तूसुद्धा मला सांगितलं नाहीस. तरी तूच माझी आई. तुझ्या जागेवर दुसरं कुणी नको, आणि मी तर नकोच."

कावळा खाली उतरला. त्याने आधी खरवड खाल्ली, मग पिंडाला चोच लावली.

सूर्य हलला. नदी वाहू लागली. गावभर कोंबडीची पिल्लं ओरडू लागली. अडलेली तीन वर्षं एकदम आली आणि सगळ्यांच्या अंगावरून गेली. उदयनचा लोंबता दात पडला, त्याच्यामागोमाग आणखी पाच. कालिंदीची वेणी कमरेखाली उतरली आणि बांगड्या मनगटात रुतल्या. मग त्या राज्यात संध्याकाळ झाली. माणसं घाटावर उभी राहून सूर्य मावळताना बघत राहिली, जशी काही हत्तीची मिरवणूकच चालली होती.

राजा वाळूत गुडघ्यांवर बसून उदयनचा तो लोंबता दात शोधत होता. "कालिंदी," तो म्हणाला, "मला तुझ्याशी बोलायचं आहे."

"उद्या," कालिंदी म्हणाली. "आता उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी राजाने फर्मान काढलं. दर्भाचा कावळा कुणी करू नये. ज्यांचं माणूस गेलं त्या पोरांना घाटावर पुढे उभं करावं. तळघराचं दार उघडं ठेवावं. फर्मान चांगलं होतं. उशिरा निघालं.

त्या दुपारी राजाला सात वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी होती. संध्याकाळी दहा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी होती. मधली तीन वर्षं त्याला मिळाली नाहीत. दातही सापडला नाही.