लोणकरचं शिफारसपत्र

"मग साडेपाच वर्षं मी नक्की कशासाठी शिकलो, बाई?"

बाई पालक निवडत होत्या.

मी तिथेच पडवीत, खाटेवर, पोटावर ओल्या मातीची पट्टी घेऊन उताणा पडलो होतो. ती अर्धा तास काढायची नसते, त्यामुळे उठून जायची सोय नव्हती. पुढचं सगळं मी ऐकलं, आणि मान वळवून पाहिलंही.

मंदाकिनीबाई परांडेकर जुन्नरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी निसर्गोपचार केंद्र चालवायच्या. सत्तरी उलटलेली. खाटा सहा, आणि त्या आठवड्यात पेशंट मी एकटा. विचारणारा मुलगा विश्वजित लोणकर, मूळचा बार्शीचा. निसर्गोपचाराची पदवी, त्यात सुवर्णपदक. शेवटच्या वर्षी चार महिने तो बाईंकडे शिकायला होता. आल्या आल्या त्याने मला आपलं नाव सांगितलं, ते 'डॉक्टर' लावून.

"कॉलेजात प्लेसमेंट सेल होता ना?" बाईंनी विचारलं.

"सेल म्हणजे एक टेबल आणि एक मॅडम. दरवर्षी तेच सांगायच्या. स्कोप भरपूर आहे."

"मग?"

"मग काही नाही. अकरा ठिकाणी मुलाखती दिल्या. एका हॉटेलात मालिशवाला हवा होता. एका कंपनीला पावडरचे डबे विकायला माणूस हवा होता. एका हॉस्पिटलात मला विचारलं, तुम्ही खरे डॉक्टर का?"

"काय सांगितलंस?"

"हो म्हणालो... त्यांनी पाणी दिलं प्यायला आणि पाठवून दिलं."

हे त्याने हसून सांगितलं, पण हसू काही जमलं नाही. कोवळ्या वयात माणूस इतका थकलेला मी पाहिला नव्हता. मला त्याची कीव आली.

त्याने पिशवीतून टाइप केलेला कागद काढला.

"उद्या सकाळी लोणावळ्याला मुलाखत आहे. मोठं निसर्गोपचार रिसॉर्ट आहे. त्यांना अनुभवाचं पत्र लागतं. मी मजकूर करून आणलाय. तुम्ही फक्त सही करा."

बाईंनी चष्मा लावला.

"'सर्व उपचार स्वतंत्रपणे व कुशलतेने दिले'..." त्यांनी वाचलं. "तू इथं केस पेपर लिहायचास, लोणकर."

"अक्षर चांगलं म्हणून तुम्हीच बसवलंत मला तिथं."

"पाण्यात हात घालायचा कंटाळा करायचास, म्हणून बसवलं."

तो म्हणाला, "उद्याचं नाही जमलं, तर रविवारपासून मामाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचंय. आईने त्याला शब्द दिलाय. एकदा तिथं बसलो की संपलं, बाई. पुन्हा या कामाकडे मला कोणी येऊ देणार नाही."

बाईंनी पालकाची जुडी बाजूला ठेवली. वाकून हाताने आपले तळपाय चाचपले.

"माझे पाय गार पडलेत," त्या म्हणाल्या. "पादस्नान दे मला."

"मी?"

"सर्व उपचार स्वतंत्रपणे देतोस ना?"

मला हसू आलं. पोट हललं आणि माती घसरली. मी ती परत वर ओढून घेतली.

लोणकर उठला. मागच्या बंबातून गरम पाणी आणलं, बादलीत गार घालून सारखं केलं. खिशातून थर्मामीटर काढून बुडवला. चाळीस. बाईंना पेलाभर पाणी प्यायला दिलं, डोक्यावर ओला रुमाल ठेवला, गुडघ्यांवरून कांबळं सोडलं. एकही पायरी चुकली नाही. पदक उगाच मिळालं नव्हतं, हे मलाही पटलं.

बाईंनी पाय बादलीत सोडले.

पादस्नानाचं पाणी हळूहळू वाढवत न्यायचं असतं. शेजारच्या कळशीत कढत पाणी होतं. तो स्टुलावर बसून तांब्याने थोडंथोडं ओतायला लागला.

"सोसतंय ना?"

"सोसतंय."

"आमच्या वर्गात चाळीस जण होतो, बाई. चौघं या कामात आहेत. चौघं!" त्याने तांब्या ओतला. "एकजण बँकेत. एकीचं लग्न झालं, ती सासरच्या मेडिकलमध्ये गोळ्या देते. सोसतंय?"

"सोसतंय."

"पहिल्या वर्षी आम्हाला सांगायचे, लोक गोळ्यांना कंटाळलेत, आता जग आपल्याकडे वळणार." आणखी एक तांब्या. "जग वळलं, पण आमच्याकडे नाही. पंधरा दिवसांचा कोर्स केलेला माणूस बोर्ड लावतो आणि त्याच्याकडे रांग लागते. मी पदक घेऊन घरात बसतो. शेजारीण आईला विचारते, मुलगा आजारी आहे का? सोसतंय ना?"

"सोसतंय."

तो बोलत होता आणि ओतत होता. बोलणं खोटं नव्हतं, एक शब्दही नाही. पण त्याचं लक्ष बादलीकडे नव्हतं, तांब्याकडे नव्हतं, बाईंकडे तर मुळीच नव्हतं. थर्मामीटर केव्हाच खिशात परत गेला होता. कांबळ्याच्या कडेने वाफ यायला लागली, ती मला खाटेवरून दिसली. मला वाटलं, असंच असेल. डॉक्टर तो आहे, मी कोण?

"लोणकर," बाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "पाण्यात हात घाल."

त्याने हात घातला.

ओरडून बाहेर काढला.

मग त्याने झटक्यात कांबळं फेकलं आणि बाईंचे पाय वर उचलले. घोट्यांपर्यंत लालभडक झाले होते.

"बाई! तुम्हाला... कळलं नाही?"

"सात वर्षं झाली. घोट्याखाली काही कळत नाही."

"शुगर?"

बाईंनी मान डोलावली.

तो खाली जमिनीवर बसला. हातात बाईंचे पाय तसेच.

"हा प्रश्न मला शेवटच्या वर्षी आला होता," तो म्हणाला. "गरम पादस्नान कोणाला देऊ नये."

"काय लिहिलंस?"

"...बरोबर लिहिलं होतं."

मग तो उठला. माठातलं पाणी बादलीत काढलं, त्यात आधी आपलं मनगट धरून पाहिलं, थोडं साधं पाणी मिसळलं, पुन्हा मनगट धरलं. ओंजळीने बाईंच्या पायांवर सोडायला लागला. पाच मिनिटं, दहा मिनिटं... सांगायला घड्याळ नव्हतं. माझा अर्धा तास कधीच संपला होता. पोटावरची माती वाळून चिरा पडल्या, तरी तिची आठवण कोणालाच नव्हती, मलाही नाही.

"तुम्ही मुद्दाम केलंत का, बाई?" त्याने मान वर न करता विचारलं.

"तू विचारलंस, सोसतंय का. सोसत होतं."

"मी तेवढंच विचारलं."

"हो."

लाली हळूहळू उतरली. एका अंगठ्यापाशी फोड धरला होता. त्याने पाय उन्हाकडे वळवून पाहिला. बोटांच्या बेचक्यांत पाहिलं. टाचेवर एक जुनी भेग होती, तिथे थांबला.

"ही कधीची?"

"दिवाळीतली असेल."

"दुखत... नाही, तुम्हाला कळणार नाही. पाणी येतं का त्यातून?"

"कधीकधी."

"घरात चप्पल घालता?"

"नाही."

"रात्री पाय कोण बघतं?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या.

त्याने स्वतःच्या पिशवीतला धुतलेला पंचा काढला, पाय टिपले, चोळले नाहीत. फोडावर स्वच्छ कापड सैल बांधलं. संध्याकाळी जुन्नरला डॉक्टरांना हे दाखवा, म्हणाला, आणि तिथल्या माझ्या ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर मागितला. मी दिला. मग त्याने फोन लावला, वेळ ठरवली, रिक्षावाल्याला सांगितलं. बाईंना काही करू दिलं नाही. हे सगळं झाल्यावर त्याने तो टाइप केलेला कागद उचलला आणि चार घड्या घालून पिशवीत टाकला.

"येतो, बाई. चुकलो. उद्या सकाळी फोन करून विचारतो फोडाचं."

"आणि पत्र?"

"नको."

"काढ इकडे."

त्याने काढलं. बाईंनी ते उलटं केलं, पालकाच्या परातीवर ठेवलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. खाली सही केली, केंद्राचा शिक्का मारला आणि कागद त्याच्या हातात दिला.

त्याने मोठ्याने वाचलं, कारण एकदा वाचून त्याचा विश्वास बसला नसावा.

"'श्री. विश्वजित लोणकर यांनी आज माझे पाय भाजले. माझी पूर्ण चौकशी न करता त्यांनी उपचार दिला. चूक लक्षात आल्यावर त्यांनी ती माझ्यावर ढकलली नाही. माझ्या टाचेची भेग दिवाळीपासून आहे, ती आजवर कोणाला दिसली नव्हती. ती यांनी पाहिली.'"

कागद हातात धरून तो उभा राहिला. डोळे भरून आले होते, आणि रागही होता.

"बाई, हे खरंय. पण हे पत्र वाचून मला नोकरी कोण देणार?"

बाईंनी पडवीभर नजर फिरवली. माझी खाट सोडून पाच खाटा, गाद्या गुंडाळून ठेवलेल्या.

"मी दिली असती," बाई म्हणाल्या.