साळुंकीची ऐकीव साक्ष

मुलांनो, आधी मला एक सांगा. दुकानात दोन माणसं आली. एक म्हणतो, "शेठ, तुमच्या पोत्याला भोक पडलंय, मी आत्ता पाहिलं." दुसरा म्हणतो, "छे, पोतं धड आहे, असं मी ऐकलंय." तुम्ही विश्वास कोणावर ठेवाल? पहिल्यावरच ना? मीही तेच करतो. पण इतकी वर्षं बाजारात बसून एवढं कळलं, की एखादा ऐकीव शब्दसुद्धा खणखणीत निघतो. तो कधीचा, कोणाच्या तोंडचा, हे मात्र पारखून घ्यावं लागतं. त्याचीच ही गोष्ट.

सागाच्या एका रानात, डोहाच्या काठी, एक म्हातारा गवा राहत असे. रानातले तंटे तोच सोडवी. जांभळीच्या सावलीत बसून, रवंथ करत करत तो सगळ्यांचं ऐके आणि सावकाश निकाल देई. त्याचा नियम साधा होता. सावलीत यायचं आणि "मी पाहिलं" म्हणून सांगायचं. "मला अमक्यानं सांगितलं" असं कोणी सुरू केलं, की गवा म्हणे, "बाळा, मी माझ्या पोटातल्या घासाचं रवंथ करतो. दुसऱ्यानं चघळलेला घास माझ्या तोंडात घालू नकोस. ज्यानं पाहिलं त्याला पाठव."

या नियमाचा सगळ्यात जास्त जाच साळुंकीला होई. रानातल्या कोणाचाही आवाज ती हुबेहूब काढी, आणि कानावर पडलेलं जसंच्या तसं बोलून दाखवी. पण शेवटी ती पडली ऐकणारी. प्रत्येक तंट्याला ती नटूनथटून येई आणि आल्या वाटेनं परत जाई. "एवढं माझं पाठांतर, सगळं फुकट," असं ती कावळ्यापाशी कुरकुरे. कावळा म्हणे, "मग डोळे उघडे ठेवून बस की, ताई."

आता त्या रानात एका कपारीला मधाचं मोठं पोळं होतं. ते आजाऱ्यांसाठी राखलेलं. धडधाकट जनावरानं त्याला तोंड लावायचं नाही, आणि लावलं तर डोह सोडून डोंगरापलीकडे निघून जायचं, असं ठरलेलं होतं. उन्हाळ्यात डोंगरापलीकडे पाण्याचा थेंब नसे. म्हणजे शिक्षा काही साधी नव्हती. तर एका सकाळी बघतात तो पोळं चाटूनपुसून साफ.

सगळ्यांनी एकदम अस्वलाकडे बघितलं. मध म्हटल्यावर दुसरं कोण असणार? बिचारी अस्वलीण पाठीवर पिल्लू घेऊन सावलीत उभी राहिली. "आजोबा, मी पहाटे टेकाडावर वाळवी खात होते," ती म्हणाली. "पण तिथं मला पाहायला कोण होतं?"

"कोणी नव्हतं, हेच तर," मागून आवाज आला. कोल्हा पुढं झाला. नाकानं ढकलत ढकलत त्यानं कासवाची एक पाठ आणली होती. डोकं नाही, पाय नाहीत, नुसती पाठ. "आजोबा, मी स्वतः काही पाहिलं नाही. तुमचा नियम मला पाठ आहे. पण या कासवानं पाहिलं, आणि मरता मरता मला सांगितलं."

गव्यानं रवंथ थांबवलं. कारण मरणाऱ्याचा शब्द तो ऐकून घेई. जो पुन्हा येऊन सांगू शकत नाही, आणि ज्याला आता कोणाकडून काही मिळवायचं उरलं नाही, तो जाता जाता खोटं कशाला बोलेल, असं त्याचं म्हणणं. कोल्ह्याला हे पक्कं ठाऊक होतं.

"काय म्हणाला तो?" गव्यानं विचारलं.

कोल्ह्यानं डोळे पुसले. "म्हणाला, ‘कोल्होबा, मी चाललो. पोळं अस्वलानं खाल्लं. तुझा त्यात काही संबंध नाही.’"

"तुझा विषय कुठून निघाला?"

"जीव होता हो त्याचा माझ्यावर."

जनावरांनी माना खाली घातल्या. अस्वलिणीनं पिल्लाला पाठीवर नीट बसवलं. आता निघायचंच, असं तिनं मनाशी धरलं. पण त्या रानात एक रीत होती. मेलेल्याला शेवटचं डोहाचं पाणी घालायचं. माकडानं पळसाच्या पानाचा द्रोण करून पाणी आणलं आणि हात जोडून पाठीवर ओतलं.

पाठीखालून हळूच एक डोकं बाहेर आलं. त्यानं वर आभाळाकडे पाहिलं आणि विचारलं, "पाऊस लागला का?"

सगळं रान खो खो हसलं. कासव उन्हाळ्यात चिखलात शिरून अंग आवरून झोपतं, दहा हाका मारल्या तरी ओ देत नाही. हे कोल्ह्याला माहीत असायला तो कोणापाशी कधी इतका वेळ थांबला होता? त्यानं दोनदा पंजा मारून पाहिलं आणि मेलं म्हणून उचललं.

"कासवदादा," गवा म्हणाला, "अस्वलाला मध खाताना पाहिलंस?"

"मी ऊन वाढल्यापासून झोपलोय," कासव म्हणालं. "कोणाचं काय गेलं?"

"मरणाच्या दारातून आलाय, भ्रम झालाय त्याला," कोल्हा घाईनं म्हणाला.

"मेलेल्याला विचारता येत नाही म्हणून त्याचा शब्द दुसऱ्याकडून घ्यायचा," गवा म्हणाला. "याला विचारता आलं आणि यानं उत्तरही दिलं. तुझी साक्ष संपली."

"बरं, संपली," कोल्हा म्हणाला. "पण अस्वल टेकाडावर होतं हे तरी पाहिलंय कोणी?" पुन्हा कुजबुज सुरू झाली. बोट फिरून अस्वलिणीकडेच.

तेव्हा साळुंकी खाली उतरली. "आजोबा, मी पाहिलं नाही."

"मग घरी जा, ताई," दोघातिघांनी एका सुरात सांगितलं.

"ऐकून तर घ्या. कपारीवरच्या उंबरात माझं घरटं. उजाडत होतं, नीट दिसत नव्हतं. एकाएकी माश्या खवळल्या, आणि त्या गलक्यातच कोणीतरी ओरडलं." तिनं मान फुगवली, आणि तिच्या चोचीतून कोल्ह्याचा आवाज आला: "आई आई गं, जीभ गेली माझी. ते अस्वल हे रोज कसं खातं कोण जाणे."

"ऐकीव," कोल्हा म्हणाला. "आजोबा, ही ऐकीव आहे. नियम तो नियम."

इथं जरा थांबतो. माझ्या दुकानात एकदा गुळाची ढेप केरबा हमालाच्या पायावर पडली. पडताक्षणी तो ओरडला, "तरी म्हटलं, दोरी कुजलीय." तासाभरानं दोरीवाला आला आणि शांतपणे बसून सांगू लागला, की दोरी नवीकोरी होती, हमालानंच गाठ सैल मारली. मी केरबाचं मानलं. ढेप पायावर असताना माणसाला गोष्ट रचायला सवड कुठं असते?

गव्याचंही तेच म्हणणं पडलं. "कासवाचे शब्द तू निवांत बसून तयार केलेस," तो कोल्ह्याला म्हणाला. "हे शब्द माशी चावली आणि बाहेर पडले. मध्ये विचाराला जागाच नव्हती. असं बोलणं मी ऐकतो. आणि ऐकणारी तुझ्यासमोर उभी आहे. तुला हवं ते तिला विचार."

कोल्ह्यानं साळुंकीकडे रागानं पाहिलं. "विचारायचं काय त्यात? पदरचं घालते ही. मी ‘रोज’ म्हणालोच नव्हतो. ‘अस्वल हे कसं खातं’, एवढंच म्हणालो होतो."

कोल्ह्याचं तोंड उघडंच राहिलं, आणि आतली सुजलेली जीभ सगळ्यांना दिसली.

"स्वतःच्या अंगावर येणारं कोणी उगाच बोलत नाही," गवा म्हणाला. "आता तर मला साळुंकीचीही गरज उरली नाही. नीघ तू." कोल्हा शेपूट घालून डोंगराच्या वाटेला लागला. अस्वलिणीनं पिल्लाला खाली उतरवलं आणि त्याला घेऊन सरळ डोहात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी साळुंकी भल्या सकाळी हजर. ससा आणि खार यांचा एका बोरीवरून तंटा होता, आणि तिच्यापाशी त्याबद्दल चौघांचे आवाज तयार होते.

"तू पाहिलंस?" गव्यानं विचारलं.

"ऐकलं. पण आजोबा, काल तर तुम्ही चालवून घेतलंत."

"काल माशी चावली होती, ताई. आज कोणाला काय चावलं?"

साळुंकी आल्या वाटेनं परत गेली. कावळ्यापाशी.

तात्पर्य : ऐकीव गोष्ट सहसा मानू नये; मानायचीच झाली, तर बोलणाऱ्याला ते बोलताना खोटं रचायला सवड किंवा कारण होतं का, हे आधी पाहावं.

आणि मुलांनो, मोठे होऊन कसलाही धंदा करा, पण हिशेब प्रामाणिकपणे ठेवा. पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहा आणि ऐकलेलं ऐकलं म्हणून, एवढी माझी विनंती.