मोहाच्या दिवसांतला ताप

"तो खिडकीजवळचा पोरगा कुठे गेला?" दादांनी विचारलं.

जंगलातल्या त्या लहानशा दवाखान्यात म्हाताऱ्या डॉक्टरांना सगळे दादाच म्हणत. निनाद त्यांच्याकडे शिकायला आलेला. लेकराचा मलेरिया मेंदूत चढणार की नाही, हे रक्तातल्या खुणांवरून आधीच सांगायचं, हा त्याचा अभ्यास. त्यासाठी शहरातून यंत्रही आणलं होतं. त्या यंत्राला तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

"घरी सोडला, दादा. काचेवर रक्त पाहिलं. जंतू अगदी तुरळक होते."

"हाक मारली तर बघत होता?"

"झोपेत होता. तापाची ग्लानी. बापालाही घाई होती, गोळ्या देऊन पाठवलं."

"रक्तातली साखर बघितलीस? आम्ल?"

"जंतूच इतके कमी म्हटल्यावर..."

"जा. घेऊन ये त्याला."

निनादला ते लागलं. तरी गेला. गाव ओढ्यापलीकडेच होतं. गेल्या पावली परत आला.

"गावात कुणी नाही. दारं ओढलेली. एक म्हातारी भेटली, ती मला बघून नुसती हसली."

दादा इंजेक्शनची पूड विरघळवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हणजे गाव उठलं म्हणायचं."

"उठेल कसं, दादा? मोहाची फुलं गळायचे दिवस आहेत. सगळी जंगलात झाडांखाली असतील..."

दादांनी टेबलावरची, त्या पोराच्या रक्ताची सकाळची काच उचलली आणि त्याच्या हातावर ठेवली.

निनाद काचेकडे बघत राहिला.

बोटाच्या रक्तात जंतू फारसे दिसत नाहीत, तेव्हाही ते मेंदूच्या बारीक नसांत दाटीनं बसलेले असू शकतात. हे त्याला पाठ होतं. परीक्षेत त्यानं हेच लिहून पहिला नंबर काढला होता.

तो पळत सुटला.

पोरगा मोहाच्या झाडाखाली सापडला, फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत. आईबाप खाली पडलेली फुलं वेचत होते.

"झोपू द्या त्याला, डॉक्टर," बाप म्हणाला. चिन्ना हे बापाचं नाव. "लई बडबडत होता. आत्ता कुठं गप झालाय."

निनादनं झोळीत वाकून पाहिलं. डोळे अर्धे उघडे होते. बघत नव्हते.

त्यानं पोराला उचललं.

दवाखान्यात आल्याबरोबर दादांनी शीर धरली. औषध गेलं, साखरेचं पाणी गेलं. यंत्रानं आकडे दाखवले. साखर पार तळाला, आम्ल चढलेलं. दोन्ही खुणा सकाळीच दिसल्या असत्या.

दादा सलाईनचे थेंब मोजत होते. रागावले असते तर निनादला बरं वाटलं असतं.

पोरगा हलेना. चिन्ना भिंतीशी उकिडवा बसला होता, पोराच्या छातीकडे बघत.

निनादनं पोराचं बोट टोचलं. साखर वर आली होती. पोरगा तसाच. जरा वेळानं पुन्हा टोचलं. मग लगेच पुन्हा...

दादांनी त्याचं मनगट धरलं आणि सुई काढून घेतली.

"साखर आली, औषध गेलं. तरी डोळा उघडत नाही, दादा. आता कोणती खूण बघू?"

दादांनी चिन्नाच्या शेजारची मोकळी जमीन दाखवली.

"मोह झाडावरून कुणी तोडत नाही रे. तो गळेपर्यंत बसायचं."