राघूचा पहिला प्रश्न

फार पूर्वी देवळाच्या नगारखान्यात वाढलेला एक राघू होता. कीर्तनं, पोवाडे, सनई, पुराणं ऐकून ऐकून त्याचं डोकं गच्च भरलं होतं.

संध्याकाळी पक्षी वडावर कोडी घालायला जमत. जो उत्तर देईल त्याने पुढचं कोडं घालायचं, अशी तिथली रीत. पण कोणता राजा, कोणता राग, कोणाची ओवी, हे कुणी पुरतं विचारायच्या आतच राघू उत्तर देऊन मोकळा होई. मग आपलं कोडं घाली आणि इतरांनी डोकं खाजवेपर्यंत तेही स्वतःच सोडवी.

हळूहळू पक्षी येईनासे झाले. एका संध्याकाळी वडावर म्हातारा होला तेवढा उरला.

"राघोबा," तो म्हणाला, "ज्याचं उत्तर तुला ठाऊक नाही, असं काहीतरी विचार की."

राघू हसला. मग विचारात पडला. सूर्य बुडाला तरी त्याला काही सापडेना. रिकाम्या फांद्यांकडे बघता बघता त्याचा आवाज खाली आला.

"काका, सगळे गेले. तुम्ही का येता अजून?"

होला सरकून त्याच्याजवळ बसला.

"सांगतो," तो म्हणाला, "पण मधेच उत्तर देऊ नकोस."