मोर करायचा राहून गेला

राज्य कोणाचं होतं हे आता कुणालाच आठवत नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका गावात हौसा नावाची बाई लाकडाची खेळणी करून विकायची. एकदा तिने आतून पोकळ असा भोवरा केला. फिरायला लागला की तो भुंग्यासारखा गुणगुणायचा. गावातली पोरं त्याच्यापायी जेवणखाण विसरली.

बातमी गुणवंतशेठच्या कानावर गेली. पंचक्रोशीतला खेळण्यांचा सगळ्यात मोठा कारखाना त्यांचा. कुणी काही नवं केलं, की शेठ ते दुकान कारागिरासकट विकत घ्यायचे. कारखाना वाढला होता तो असाच.

शेठ हौसाच्या दारी आले. म्हणाले, "हौसाबाई, दुकान मला दे आणि माझ्याकडे कामाला ये. नाही म्हणालीस, तर असाच भोवरा मी करवून घेईन, तोही निम्म्या किमतीत."

हौसा म्हणाली, "आधी कारखाना बघते, मग सांगते."

आत तिला भिवाअण्णा भेटले. पूर्वी ते तिच्याच आळीत नाचरे मोर करायचे. आता लाकडी घोड्यांच्या शेपट्या रंगवत बसले होते.

"अण्णा, मोर कुठंय?"

"इथे घोडे खपतात, बाई. मोर करायचा राहूनच गेला."

हौसा तडक शेठकडे गेली. "येते मी कामाला. पण रोज अर्धा दिवस ज्याने त्याने आपल्या मनातलं करायचं, ही माझी अट."

शेठ हसले. "या कारागिरांना आणलं ते खेळत बसायला होय?"

"मोर आवडला म्हणून तुम्ही अण्णांना आणलंत, आणि आणल्यावर मोरच बंद केलात!"

शेठ उठून अण्णांपाशी गेले. हळूच म्हणाले, "अण्णा, जमेल अजून?"

अण्णांचे हात आधी अडखळले. पण दिवस मावळायच्या आत मोर तयार झाला. दोरी ओढताच तो असा काही थिरकला, की शेठ हातातलं काम टाकून दोरीच ओढत बसले. "अरे, हा तर पूर्वीपेक्षा झकास नाचतोय!"

अट मान्य झाली. पुढच्या जत्रेत शेठच्या पालात टुणकन उडणारे बेडूक होते, मान डोलावणाऱ्या गाई होत्या. पोरं तिथून हलेनात, आणि आजोबा मंडळी नातवंडांच्या नावाने स्वतःसाठीच बेडूक घेऊन गेली. मग शेठना कुणाच्या दारी जावं लागलं नाही. लांबलांबचे कारागीर आपणहून यायचे आणि विचारायचे, "शेठ, आमच्यासाठी जागा आहे का?"

तात्पर्य: दुसऱ्याचा गुण घरी आणून माणूस मोठा दिसतो; पण त्या गुणाला वाढू दिलं, तर तो खरोखर मोठा होतो.